पोलीस, पंच आणि मोबाइल

शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ हा कायदा ब्रिटिश राजवटीत हेरगिरीला आळा घालण्यासाठी करण्यात आला आणि काही दुरुस्त्यांसह तो आजही लागू आहे. राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक अशा हेतूने 'प्रतिबंधित स्थळी' जाणे, त्याच्या आसपास वावरणे, शत्रूच्या उपयोगी पडू शकेल असे रेखाटन करणे, ही कृत्ये त्याच्या तिसऱ्या कलमाने गुन्हा ठरतात. 'रेखाटन' या शब्दात छायाचित्रही येते, आणि लष्करी बाबींशी संबंध असेल तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. मार्च २०१८ मध्ये वर्धा येथे या कायद्याखाली एका नागरिकावर गुन्हा नोंदवण्यात आला, तो एवढ्यासाठी की शेजाऱ्याशी झालेल्या वादाच्या निमित्ताने पोलीस ठाण्यात गेला असता त्याने तेथील प्रसंगाचे मोबाइलवर चित्रीकरण केले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, न्यायमूर्ती मनीष पितळे आणि न्यायमूर्ती वाल्मिकी मेनेझेस यांनी, जुलै २०२२ मध्ये हा गुन्हा रद्द केला. कायद्यातील 'प्रतिबंधित स्थळा'ची व्याख्या बंदिस्त आहे, म्हणजे तिच्यात जे नोंदलेले आहे तेवढेच त्या संज्ञेत बसते, आणि तिच्यात पोलीस ठाण्याचा उल्लेख नाही, असे या निर्णयाचे कारण होते.

निर्णय थोडक्यात सांगता येतो, परंतु त्याच्या मागे उभा असलेला प्रश्न मोठा आहे: पोलिसांचे काम चालू असताना नागरिकाने ते चित्रित करू नये, असे सांगण्याचा अधिकार शासनाला किती आणि कोणत्या मर्यादेत असावा? या प्रश्नाच्या दोन्ही बाजू नीट तपासता याव्यात म्हणून पुढील संवादात दोन कल्पित पात्रे योजली आहेत. त्यांपैकी एक पोलीस उपअधीक्षक पदावरून निवृत्त झालेले अधिकारी असून, दुसऱ्या फौजदारी खटले चालवणाऱ्या वकील आहेत.

अधिकाऱ्यांनी प्रारंभी निर्णयाच्या मर्यादेवरच बोट ठेवले. "मॅडम, खंडपीठाने एका कायद्याची व्याख्या स्पष्ट केली, याहून अधिक काही केले नाही. ठाणे हे प्रतिबंधित स्थळ नाही, एवढ्यावरून ठाण्यात चित्रीकरण करण्याचा हक्क नागरिकाला मिळाला असे होत नाही. शिवाय केंद्र सरकारला राजपत्रात अधिसूचना काढून एखादे शासकीय ठिकाण प्रतिबंधित घोषित करता येते, अशी तरतूद त्याच व्याख्येत आहे."

वकिलांनी निर्णयाची मर्यादा मान्य केली, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य केला नाही. "साहेब, अधिसूचनेची ती तरतूद अशा ठिकाणांसाठी आहे, ज्यांची माहिती शत्रूच्या कामी येईल. शेजाऱ्यांची भांडणे ज्या दालनात ऐकली जातात त्या दालनाला ती लावायची झाली तर तालुक्यातील प्रत्येक तक्रारदार हेर ठरेल. आणि हक्काचे म्हणाल, तर या प्रश्नाची मांडणीच उलट बाजूने करावी लागते. माहिती मिळवणे आणि ती इतरांना देणे हे संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे अंग आहे. त्यावर बंधन घालायचे तर ते त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दिलेल्या कारणांसाठीच घालता येते आणि तेही कायद्याने, केवळ वरिष्ठांच्या सूचनेने नव्हे. खरकसिंग खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, की पोलीस खात्याने स्वतःच्या कामकाजासाठी काढलेले नियम हे नागरिकाच्या स्वातंत्र्यावर बंधन घालणारा 'कायदा' होऊ शकत नाहीत. तेव्हा 'येथे चित्रीकरणास मनाई आहे' अशी पाटी भिंतीवर दिसली, तर ती कोणत्या कलमाखाली लावली, हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पाटी लावणाऱ्याने द्यायचे आहे."

यावर अधिकाऱ्यांनी आपला सर्वांत भक्कम दाखला पुढे केला, आणि महाराष्ट्रात या विषयावर बोलणाऱ्या कोणालाही तो बाजूला सारता येणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय आणि नरिमन हाऊस येथील सुरक्षा दलांच्या हालचाली दूरचित्रवाहिन्यांनी थेट प्रक्षेपित केल्या, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच प्रक्षेपण पाहून आतील अतिरेक्यांना दूरध्वनीवर सूचना देत होते. या हल्ल्यातील अतिरेकी कसाब याच्या खटल्याच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. पुढे २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली, आणि कारवाई संपेपर्यंत नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वार्तांकन मर्यादित झाले. अधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की तेव्हा ही शक्ती मोजक्या वाहिन्यांकडे होती, आज ती खिडकीत उभ्या असलेल्या प्रत्येक रहिवाशाच्या हातात आहे, आणि मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करायला ना परवाना लागतो ना संपादक. "गच्चीवर उतरणारा जवान रहिवाशाच्या मोबाइलमधून शत्रूला दिसणार असेल, तर त्या क्षणी त्या रहिवाशाला थांबवण्याचा अधिकार कोणाकडे तरी असलाच पाहिजे."

"असलाच पाहिजे," असे म्हणून वकिलांनी त्याच निकालपत्राचे दुसरे पान उघडले. "पण साहेब, त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सेबॅस्टियन डिसोझा आणि श्रीराम वेर्णेकर या वृत्तछायाचित्रकारांनी जिवावर उदार होऊन छायाचित्रे टिपली. डिसोझा यांनी टिपलेले, हातात बंदूक घेतलेल्या कसाबचे छायाचित्र जगाने पाहिले, आणि खटल्यात ही छायाचित्रे महत्त्वाचा पुरावा ठरली. ज्या निकालपत्राने वाहिन्यांना फटकारले त्यानेच या दोघांच्या कामगिरीची आदराने नोंद घेतली. एकाच रात्री एका कॅमेऱ्याने घात केला आणि दुसऱ्याने न्यायाला हात दिला. फरक कॅमेऱ्यात नव्हता. वाहिन्यांनी जे केले ते तत्क्षणी होणारे प्रसारण होते. छायाचित्रकारांनी केले ती नोंद होती. प्रसारण लांबवता येते, आणि प्रसंगी ते लांबवायलाच हवे. नोंद मात्र त्या क्षणी झाली नाही, तर पुढे ती कशानेही मिळवता येत नाही."

चित्रण आणि प्रसारण यांतील हा भेद या चर्चेत सहसा केला जात नाही, आणि तो न केल्यामुळेच शासनाच्या बाजूने मांडली जाणारी बहुतेक कारणे आहेत त्याहून अधिक बळकट वाटतात. अधिकाऱ्यांचा पुढचा मुद्दा याच भेदाच्या कसोटीवर तपासण्याजोगा होता. ठाण्यात अत्याचारपीडित स्त्रिया येतात, हरवलेली किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेली मुले येतात, कधी खबरे येतात. कोणाच्या तरी मोबाइलमध्ये त्यांचे चेहरे गेले, तर त्यांच्या आयुष्याची जी हानी होईल ती न्यायालयाच्या कोणत्याही आदेशाने भरून निघणार नाही, असे ते म्हणाले. वकिलांनी हा मुद्दा पूर्णपणे स्वीकारला आणि तो कायद्यात आधीच आहे याची आठवण दिली: भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाने लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे दंडनीय आहे, आणि बालकांच्या बाबतीत 'पॉक्सो' कायद्याचे २३ वे कलम व बाल न्याय कायद्याचे ७४ वे कलम तेच संरक्षण देते. मात्र ही संरक्षणे पीडितांची आहेत. ती पुढे करून अंमलदाराने स्वतःचा आवाज आणि स्वतःची वागणूक झाकून घ्यावी, असा त्यांचा हेतू नाही. पीडितेचा जबाब स्वतंत्र खोलीत घेतला जात असेल तर तेथे कोणाचाही कॅमेरा नको, हे उघड आहे. पण समोरच्या दालनात तक्रार घेण्यास नकार मिळत असताना तक्रारदाराने तो नकार ध्वनिमुद्रित केला, तर त्यात कोणत्या पीडितेची ओळख उघड होते?

"खासगीपणा पोलिसालाही आहे," अधिकारी म्हणाले. "पुट्टस्वामी खटल्यात २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी तो मूलभूत हक्क मानला, आणि तो गणवेश चढवल्यावर गळून पडत नाही. चित्रफीत पसरते, शिपायाचे नाव-गाव शोधले जाते, त्याच्या मुलांना शाळेत ऐकून घ्यावे लागते. फ्रान्समध्ये २०२० साली हीच भीती समोर ठेवून कायदा करण्याचा प्रयत्न झाला होता."

फ्रान्सचा हा दाखला थोडा विस्ताराने पाहण्यासारखा आहे. सर्वंकष सुरक्षा विधेयकाच्या मूळ चोविसाव्या कलमात, पोलिसाला शारीरिक किंवा मानसिक इजा पोहोचवण्याच्या हेतूने त्याची ओळख पटेल असे चित्र प्रसारित करणे हा गुन्हा ठरवण्यात आला होता. त्याविरुद्ध मोठी निदर्शने झाली, शब्दरचना बदलण्यात आली, आणि तरीही मे २०२१ मध्ये तेथील संविधान परिषदेने ती तरतूद रद्द केली, कारण गुन्ह्याची व्याख्या पुरेशी नेमकी नव्हती. म्हणजे चित्रणाला हात न लावता केवळ प्रसारणावर, आणि तेही दुष्ट हेतूच्या प्रसारणावर बंधन घालू पाहणारा कायदासुद्धा संदिग्धतेमुळे टिकला नाही. भारतात तर यापूर्वीच, राजगोपाल खटल्यात १९९४ साली, सर्वोच्च न्यायालयाने शासकीय पदावरील व्यक्तीच्या बाबतीत रेषा आखून दिली आहे: तिच्या कर्तव्याशी संबंधित कृत्यांबाबत खासगीपणाच्या हक्काचा आधार तिला साधारणपणे घेता येत नाही. शिपायाच्या घराचा पत्ता पसरवणे हा छळच आहे आणि त्याला शिक्षा व्हावी. नाकाबंदीवर त्याने काय केले, हे मात्र त्याचे खासगी जीवन नाही.

अडथळ्याच्या मुद्द्यावर दोघांमधील अंतर बरेच कमी झाले. अटक चालू असताना कोणी तोंडासमोर मोबाइल धरून मध्ये घुसत असेल तर पोलिसाचे लक्ष विचलित होते आणि त्यातून दोघांच्याही जिवाला धोका होऊ शकतो, हे वकिलांनी मान्य केले. त्यांचा आक्षेप कलमांच्या वापराला होता. भारतीय दंड संहितेचे ३५३ वे कलम लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर झाल्यास लागू होत असे. महाराष्ट्राने पुढे त्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढवली, आणि आता १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे १३२ वे कलम आहे. नुसत्या अडथळ्यासाठी २२१ वे कलम स्वतंत्र असून त्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत आहे. ज्या माणसाने हात उचलला नाही, पुढे पाऊल टाकले नाही, केवळ मोबाइल उचलला, त्याच्यावर हल्ल्याचे कलम लावले जाते तेव्हा शासन चित्रणावर उघड बंदी न घालताही ती अमलात आणते.

"मग अंतर ठरवून द्या," अधिकारी म्हणाले. "अमेरिकेत तसे केले आहे."

"केले, आणि काय झाले तेही पाहावे लागेल. ॲरिझोना राज्याने २०२२ मध्ये आठ फुटांच्या आतून पोलिसांचे चित्रीकरण करण्यास मनाई केली. तो कायदा अमलात येण्यापूर्वीच संघीय न्यायालयाने रोखला आणि पुढे कायमचा निष्प्रभ केला. इंडियाना राज्याने २०२३ मध्ये आदेश दिल्यावर पंचवीस फूट दूर राहण्याचा नियम केला. दोन्हींतील फरक ध्यानात घ्या, साहेब. पहिल्या कायद्यात आठ फुटांवर रिकाम्या हातांनी उभा राहिलेला माणूस निर्दोष होता आणि तेथेच उभा राहिलेला चित्रीकरण करणारा गुन्हेगार. म्हणजे बंदी जवळ असण्यावर नव्हती, पाहण्याची नोंद ठेवण्यावर होती. अंतराचा नियम करायचाच असेल, तर तो सर्व बघ्यांना सारखा लागू असावा आणि जागा पाहून ठरावा. पुण्याच्या पेठेतील बोळात किंवा मुंबईच्या चाळीच्या गॅलरीत पंचवीस फूट मागे सरकायचे म्हटले तर माणूस दुसऱ्याच्या घरात जाईल."

यानंतर अधिकाऱ्यांनी जो युक्तिवाद केला तो वरवर पाहता निर्णायक वाटतो. परमवीरसिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. प्रवेशद्वारे, कोठड्या, व्हरांडे, स्वागतकक्ष असा कोणताही भाग सुटू नये, चित्राबरोबर आवाजही नोंदला जावा, आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, जपून ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. शासन स्वतःच एवढी नोंद ठेवत असेल, तर नागरिकाच्या मोबाइलची गरज काय?

वकिलांचे उत्तर तमिळनाडूतील साथानकुलम येथून आले. जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपावरून तेथील जयराज आणि बेनिक्स या पितापुत्रांना पोलिसांनी पकडले, ठाण्यात त्यांना रात्रभर मारहाण झाली, आणि काही दिवसांतच दोघांचाही मृत्यू झाला. उच्च न्यायालयाच्या आदेशाने चौकशीला गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना असे आढळले, की ठाण्यात सीसीटीव्ही होता, चित्रण साठवण्यासाठी एक टेराबाइट एवढी पुरेशी जागा होती, परंतु रोजचे चित्रण रोज आपोआप पुसले जाईल अशी योजना यंत्रात करून ठेवलेली होती. त्या रात्रीचे काहीही उरले नव्हते. सत्य बाहेर आले ते ठाण्यातीलच एका महिला हेड कॉन्स्टेबलने दाखवलेल्या धैर्यामुळे. "सीसीटीव्ही हवाच," वकील म्हणाल्या, "पण त्याची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याच्याच वर्तनाची ती नोंद आहे. सैनी खटल्यातील आदेशाला पाच वर्षे होत आली तरी ठाण्यांतील बंद कॅमेऱ्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली. फिर्यादी, साक्षीदार आणि पुराव्याचा राखणदार एकच असेल, तर न्यायासमोर काय येईल?"

या ठिकाणी संवाद थोडा थांबवून एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण या लेखाचा सारा भर तिच्यावर आहे. पोलिसांच्या एकट्याच्या शब्दावर विसंबायचे नाही, हा विचार मोबाइलने आणलेला नाही. भारतीय फौजदारी कायद्याच्या पायातच तो आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने सांगितले, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमाने ते आजही कायम ठेवले आहे. झडती घेताना त्या भागातील निदान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवाशांना साक्षीला बोलवावे, हा नियमही जुनाच. मराठी माणूस त्यांना पंच म्हणतो आणि त्यांच्या सह्यांनिशी होणाऱ्या नोंदीला पंचनामा. रयतेच्या हक्कांची फारशी चाड नसलेल्या ब्रिटिश सरकारनेही एवढे ओळखले होते, की ठाण्याच्या चार भिंतींआड घडलेल्या गोष्टीचा एकमेव निवेदक पोलीस असता कामा नये. मोबाइल उचलणारा नागरिक हा त्याच पंचाच्या जागी उभा आहे. त्याला मज्जाव करण्याचा अधिकार पोलिसाकडे सोपवणे म्हणजे झडती घेणाऱ्यालाच पंचाला घराबाहेर काढण्याची मुभा देणे होय. आणि कायद्याने अलीकडे टाकलेले पाऊलही याच दिशेचे आहे: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाने झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचे केले असून, ते शक्यतो मोबाइलवर करावे, असे तेथे म्हटले आहे.

अधिकाऱ्यांना पंचाची ही उपमा पटली, पण पुरती नाही. "पंचाला न्यायालयात उभे राहून उलटतपासणीला सामोरे जावे लागते, मॅडम. चित्रफितीला कोण उलट प्रश्न विचारणार? शिपायावर आधी दगड पडला, हे कापायचे. मग त्याने लाठी उगारली, तेवढे दाखवायचे. लोकांच्या मनात निकाल लागून जातो."

या आक्षेपात तथ्य आहे, आणि ज्यांना नागरिकांच्या हक्काची कळकळ आहे त्यांनी तो अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. तुटक चित्रफितीवरून एखाद्या शिपायाला गुन्हेगार ठरवणे हा अन्यायच आहे. परंतु त्यावरचा उपाय कोणता? जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून निर्माण झालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये असे स्पष्ट केले, की मूळ उपकरण न्यायालयात सादर होत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तो कसा मिळाला हे सांगणारे प्रमाणपत्र आवश्यक आहे. नव्या साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने त्या प्रमाणपत्रात 'हॅश' मूल्याचीही भर घातली आहे. हे मूल्य म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली एक अक्षर-अंकांची खूण, आणि चित्रणातील एक क्षण जरी कापला तरी ती बदलते. म्हणजे तुटक चित्रणाला उत्तर आहे ते संपूर्ण चित्रण, त्याची तपासणी, आणि पोलिसांच्या बाजूचेही चित्रण. मिनियापोलिस शहरात २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात वैद्यकीय कारणाने घडलेली घटना असे तिचे वर्णन होते. पोलीस अधिकाऱ्याने त्यांच्या मानेवर दाबलेल्या गुडघ्याचा त्यात उल्लेखही नव्हता. तो जगाला दिसला तो रस्त्यावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मोबाइलमुळे. अपुरे चित्र दिशाभूल करते हे खरे, पण त्या दिवशी अपुरे होते ते खात्याचे निवेदन.

शेवटी प्रश्न उरला तो मोबाइलच्या जप्तीचा. अधिकाऱ्यांच्या मते ज्या मोबाइलमध्ये गुन्ह्याचा पुरावा आहे तो मुद्देमाल म्हणून ताब्यात घेणे हा तपासाचा भाग आहे. वकिलांनी त्यावर एवढीच अट घातली, की जप्तीचा पंचनामा व्हावा, पावती मिळावी, चित्रणाची प्रत मालकाकडे राहावी आणि 'डिलीट कर' असा हुकूम कोणत्याही परिस्थितीत दिला जाऊ नये, कारण पुरावा नष्ट करायला लावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. अधिकाऱ्यांनी ही अट क्षणाचाही विलंब न लावता मान्य केली. आपल्या हाताखालच्या माणसाने तसे केले असते तर त्याची खातेनिहाय चौकशी लावली असती, असेही ते म्हणाले. मात्र या साऱ्यासाठी नवे परिपत्रक काढावे, ही वकिलांची सूचना त्यांना रुचली नाही. ठाण्यात परिपत्रकांच्या फायली आधीच कपाटात मावत नाहीत. उच्च न्यायालयाने एकदा कायदा सांगितला की तो सर्वांना बंधनकारक आहे, तेवढे पुरे, असे त्यांचे मत पडले.

"वर्ध्याच्या त्या माणसाला आपण गुन्हा केला नव्हता हे कळायला चार वर्षांहून अधिक काळ लागला, साहेब," वकील म्हणाल्या. "आणि नागपूरचा निर्णय झाल्यावर दोनच वर्षांनी, २०२४ मध्ये, अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी ठाण्यात झालेल्या ध्वनिमुद्रणावरून तोच कायदा, तेच कलम आणि तोच प्रश्न औरंगाबाद खंडपीठापुढे आला. ठाणे हे प्रतिबंधित स्थळ नाही, हे उच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले."

अधिकारी काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी ते परिपत्रक काढायचे झाल्यास त्याची प्रत ठाणे अंमलदाराच्या मेजावर, काचेखाली, कलमांच्या आकड्यांसह लावावी लागेल, असे सुचवले, आणि पहिले कलम कोणते असावे हे वकिलांना विचारले.